अखेरचा आजार आणि शेजारधर्म : केरळमधील एक प्रयोग



"आता करण्यासारखे काही राहिलेले नाही, घरी घेऊन जा." मोठ्या रुग्णालयातून रोग्याला परत पाठविताना उच्चारले जाणारे हे वाक्य ज्या घराने एकदा ऐकले, त्या घराला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. खाटा थोड्या असतात, रांग मोठी असते आणि ज्याचा रोग बरा होण्यासारखा आहे त्याला जागा द्यावी लागते. तरीही हे वाक्य वैद्यकीय दृष्ट्या खरे नाही. रोग हटविण्यासारखे काही राहिलेले नसले, तरी रोग्यासाठी करण्यासारखे पुष्कळ राहिलेले असते. वेदना थांबविता येते. कर्करोगाच्या उघड्या जखमेची दुर्गंधी मेट्रोनिडाझोलच्या गोळीची पूड जखमेवर टाकून आटोक्यात आणता येते. दर दोन तासांनी कूस बदलली, तर पाठीवर व्रण पडणे बहुतांशी टळते. बद्धकोष्ठ, ओकारी, श्वास कोंडणे, झोप न लागणे या प्रत्येकावर साधे आणि बहुधा स्वस्त उपाय आहेत. त्यांची माहिती असलेला माणूस त्या घराच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचत नाही, हे खरे दुखणे आहे.

अशा रीतीने केलेल्या शुश्रूषेला आज जगभर 'पॅलिएटिव्ह केअर' म्हणतात. मराठीत तिला उपशामक शुश्रूषा म्हणता येईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लक्ष लोकांना तिची गरज असते आणि त्यांपैकी जेमतेम १४ टक्क्यांना ती लाभते. जे वंचित राहतात, त्यांतील बहुसंख्य आपल्यासारख्या देशांतले आहेत.

या शास्त्राला आधुनिक रूप दिले ते लंडनच्या डॉ. सिसिली साँडर्स यांनी. त्या आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयातील समाजसेविका झाल्या आणि शेवटी मरणोन्मुख रोग्यांसाठी काही करावयाचे तर डॉक्टरच व्हावे लागेल म्हणून वयाच्या तिशीनंतर वैद्यक शिकल्या. १९४८ मध्ये निधन पावलेल्या एका पोलिश निर्वासित रुग्णाने त्यांच्या भावी संस्थेसाठी ५०० पौंड ठेवले होते. त्या देणगीपासून प्रत्यक्ष सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उभे राहीपर्यंत १९६७ साल उजाडले. देहाची वेदना, मनाची घालमेल, घरची विवंचना आणि 'हे माझ्याच वाट्याला का' हा प्रश्न या सर्वांचे मिळून एकच दुःख होते व त्याचा विचार एकत्रच करावा लागतो, ही त्यांची शिकवण होय.

भारतात या कार्याचा आरंभ महाराष्ट्रातच झाला, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे कर्करोगतज्ज्ञ डॉ. एल. जे. डिसोझा यांच्या पुढाकाराने 'शांती आवेदना सदन' ही देशातील पहिली हॉस्पिस संस्था सुरू झाली. पुढे तिच्या शाखा गोव्यात व दिल्लीत निघाल्या. १९९७ पासून पुण्यात वारजे येथे सिप्ला प्रतिष्ठानचे केंद्र काम करीत आहे. रोग्याकडून पैसा न घेणे हे या दोन्ही संस्थांचे व्रत. परंतु संस्था कितीही उत्तम असली तरी तिच्या खाटा मोजक्याच असणार, आणि गडचिरोलीचा किंवा नंदुरबारचा रोगी शेवटच्या महिन्यात वांद्र्याला येणार नाही. त्याला यावयाचेही नसते. बहुतेकांची इच्छा आपल्या घरी, आपल्या माणसांत डोळे मिटावेत अशीच असते. तेव्हा खाटा वाढवून हा प्रश्न सुटत नाही. घराघरात पोहोचणारी व्यवस्था लागते आणि ती पैशाने विकत घेऊ म्हटले तर कोणत्याही शासनाला परवडणारी नाही.

या अडचणीतून वाट काढली ती केरळने. १९९३ मध्ये कोझिकोडे येथील वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल व डॉ. सुरेश कुमार या दोघा भूलतज्ज्ञांनी काही सहकाऱ्यांच्या साहाय्याने एक धर्मादाय संस्था स्थापून वेदनानिवारणाचा बाह्यरुग्ण विभाग चालविण्यास आरंभ केला. त्यामागे एक प्रसंग आहे, जो डॉ. राजगोपाल यांनी अनेकदा जाहीरपणे सांगितला आहे. कर्करोगाने पीडित अशा एका प्राध्यापकांची असह्य वेदना त्यांनी मज्जातंतूत इंजेक्शन देऊन थांबविली. पुन्हा केव्हा येऊ, असे रोग्याने विचारले. वेदना गेली आहे, रोगावर आता इलाज नाही, तेव्हा येण्याची आवश्यकता नाही, असे उत्तर मिळाले. त्याच रात्री रोग्याने आत्महत्या केली. रोग बरा होणारा नाही हे त्याला तोपर्यंत कोणी सांगितलेच नव्हते. इंजेक्शन अचूक होते. माणूस मात्र एकटा पडला होता.

बाह्यरुग्ण विभाग चालू झाला तरी नवी अडचण उभी राहिली. जे रोगी येत, ते चालू-फिरू शकणारे. जे खरोखर खाटेला खिळलेले, ते येऊच शकत नसत. भाड्याची गाडी करून आणावे तर घरातले उरलेसुरले किडूकमिडूक विकावे लागे. म्हणून १९९९ नंतरच्या दोन-तीन वर्षांत शेजारच्या मलप्पुरम जिल्ह्यात निराळा विचार मूळ धरू लागला. दीर्घ आजार हा मुख्यतः सामाजिक प्रश्न आहे, त्याला वैद्यकीय बाजू आहे एवढेच. म्हणून त्याची मालकी गावाकडे असावी आणि डॉक्टरांनी व परिचारिकांनी गावाच्या पाठीशी राहावे, असा तो विचार होता. शेजाऱ्यांच्या या जाळ्यालाच पुढे जगभर नाव मिळाले आणि २०१० मध्ये कोझिकोडेच्या संस्थेस जागतिक आरोग्य संघटनेने आपले सहयोगी केंद्र म्हणून मान्यता दिली.

प्रत्यक्षात हे चालते कसे? आठवड्यातून किमान दोन तास देऊ शकेल अशा कोणत्याही माणसाला नाव नोंदविता येते. शिक्षक, शेतकरी, दुकानदार, रिक्षाचालक, निवृत्त नोकर, गृहिणी, महाविद्यालयातील मुले असे सर्व थरांतील लोक येतात. त्यांना सोळा तासांचे शिक्षण आणि त्यानंतर चार दिवस रोग्यांच्या घरी प्रत्यक्ष अनुभव दिला जातो. रोग्याशी कसे बोलावे, त्यापेक्षा त्याचे कसे ऐकावे, जखम कशी धुवावी, कूस कशी बदलावी, कुटुंबातील कोणाला काय शिकवावे, हे त्यात येते. अशा दहा-पंधरा जणांचा गट झाला, की तो आपल्या भागातील अंथरुणाला खिळलेल्यांची पाहणी करतो, परिचारिका नेमतो, आठवड्यातील एखाद्या दिवसासाठी डॉक्टर मिळवितो आणि गृहभेटींसाठी वाहनाची सोय करतो. घरात गेल्यावर असे दिसते, की औषधाची गरज असतेच. पण चुलीवर ठेवावयास तांदूळ नाही, कर्ता पुरुष पडून राहिल्याने मुलांची शाळा सुटली आहे, बायकोला रात्रभर डोळ्याला डोळा नाही. म्हणून कित्येक गट दरमहा तांदूळ देतात, मुलांना वह्यापुस्तके देतात, घरच्या बाईला दोन तास मोकळे करतात. आरंभी रोगी बहुतेक कर्करोगाचे होते. पुढे पक्षाघात झालेले, झाडावरून पडून कमरेखाली लुळे झालेले, जराजर्जर वृद्ध यांचाही समावेश होत गेला.

पैशाची कथा तर विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. एखाद्या धनिकाच्या मोठ्या देणगीवर हे काम उभे राहिले नाही. दुकानांच्या फळीवर ठेवलेल्या पेट्या, शाळकरी मुलांनी जमविलेली नाणी, दरमहा ठरावीक लहान वर्गणी देणारी शेकडो घरे, अशा थेंबाथेंबांतून खर्चाचा मोठा भाग निघतो. महाराष्ट्राला ही रीत नवीन नाही. वर्षाला माणशी एक पैसा अशी कल्पना घेऊन अंताजी दामोदर काळे गावोगाव फिरले आणि त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. लहान वर्गणीचा लाभ दुहेरी असतो: पैसा जमतो हा एक, आणि ज्याने रुपया दिला तो त्या कामाचा हिशेब विचारतो हा दुसरा. मोठी देणगी थांबली तर काम थांबते. हजार लहान देणग्या एकाच दिवशी थांबत नाहीत.

येथे मॉर्फिनविषयी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण स्वयंसेवक कितीही प्रेमळ असले तरी तीव्र वेदनेवर केवळ मायेचा हात पुरत नाही. मॉर्फिन अफूपासून मिळते आणि आपला देश तर मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात कायदेशीरपणे अफू पिकवून निर्यात करणारा. असे असूनही १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यानंतर परवान्यांचे जंजाळ एवढे वाढले, की देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर १९९७ पर्यंत वर्षाला अवघ्या १८ किलोग्रॅमपर्यंत घसरला. तुरुंगवासाच्या भीतीने औषध दुकानदारांनी ते ठेवणेच सोडले. एकेका परवान्याची मुदत दुसरा हाती येण्यापूर्वी संपत असे. कायदा करणाऱ्यांचा उद्देश व्यसनाला आळा घालण्याचा होता, पण शिक्षा भोगली ती कर्करोगाच्या रोग्यांनी. केरळने आपले नियम लवकर सुलभ केले, म्हणून तेथील घरभेटींच्या पिशवीत मॉर्फिनच्या गोळ्या असू शकल्या. २०१४ मध्ये संसदेने मूळ कायद्यात दुरुस्ती केली आणि आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांसाठी राज्याच्या औषध नियंत्रकांची एकच परवानगी पुरते. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वेदनेच्या प्रमाणात दिलेल्या मॉर्फिनने रोग्याला व्यसन लागण्याची भीती अल्प असते. बद्धकोष्ठ मात्र हमखास होते, म्हणून सोबत रेचक द्यावेच लागते. मॉर्फिन दिले म्हणजे शेवट जवळ आणला, हा समज आपल्याकडील डॉक्टरांतही आढळतो. तो निराधार आहे.

या प्रयोगावर टीका झाली नाही असे नाही. अल्पशिक्षित स्वयंसेवकांच्या हाती एवढे नाजूक काम सोपविल्याने शुश्रूषेचा दर्जा खालावतो, असे काही वैद्यकतज्ज्ञांचे म्हणणे होते. त्यात तथ्य आहेच. स्वयंसेवक औषध ठरवीत नाही, ठरवूही नये. जेथे ही सीमा पुसट होते तेथे अपाय होतो. केरळची साक्षरता, दाट वस्ती, वाचनालयांची व सार्वजनिक संस्थांची जुनी परंपरा ही अन्यत्र जशीच्या तशी मिळणार नाही, हा दुसरा आक्षेपही वजनदार आहे. मेळघाटातील पाड्यांवर मलप्पुरमचा नकाशा ठेवून चालणार नाही.

२००८ मध्ये केरळ शासनाने उपशामक शुश्रूषेचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. असे करणारे ते देशातील पहिले राज्य. तेथे १९९६ च्या लोकनियोजन मोहिमेपासून योजना खर्चाचा ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांकडे गेलेला होता, त्यामुळे पंचायतींजवळ पैसा होता आणि निर्णयाचा अधिकारही. पंचायतीने प्राथमिक आरोग्य केंद्राच्या साहाय्याने गृहभेटीचा कार्यक्रम घ्यावा, त्यासाठी तीन महिन्यांचे विशेष शिक्षण घेतलेली परिचारिका नेमावी, वाहन व औषधे पुरवावीत, आशा कार्यकर्तीने व पंचायत सदस्याने सोबत जावे, अशी रचना झाली. त्यामुळे ही सेवा राज्यभर पसरली. परंतु एक पेचही निर्माण झाला. जे काम शेजारी आपले म्हणून करीत होते, ते सरकारी योजना झाल्यावर 'सरकार पाहील' म्हणून ते बाजूला होतील काय? वर्षाअखेर खर्च दाखविण्यासाठी भेटींची संख्या मोजली जाईल आणि खाटेशेजारी बसून ऐकण्याचा अर्धा तास कोणत्याच रकान्यात मावणार नाही, ही भीती अनाठायी नव्हती. जेथे लोकांचा गट आणि पंचायतीची परिचारिका एकमेकांना पूरक राहिल्या, तेथे काम बहरले. जेथे केवळ परिपत्रक पोहोचले, तेथे भेटी नोंदवहीत झाल्या.

महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींपुढे हा अनुभव ठेवण्याचे कारण असे, की चौकट आता आपल्याकडेही आहे. राष्ट्रीय उपशामक शुश्रूषा कार्यक्रम २०१२ मध्ये आखला गेला. पूर्वीची आरोग्यवर्धिनी केंद्रे, म्हणजे आजची आयुष्मान आरोग्य मंदिरे, ज्या बारा प्रकारच्या सेवा देण्यास बांधलेली आहेत, त्यांत वृद्धांची व उपशामक शुश्रूषा समाविष्ट आहे. आपल्या गावच्या केंद्रात ही सेवा दिली जाते किंवा कसे, हा प्रश्न ग्रामसभेत विचारण्याचा अधिकार प्रत्येक मतदाराला आहे आणि तो आजवर फारसा कोणी विचारलेला नाही. रस्ता व गटार यांविषयी सभा तापते. अंथरुणावरच्या माणसाला सभेला येता येत नाही, म्हणून त्याचा विषय निघत नाही.

आरंभाला फारसा खर्च लागत नाही. आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविका यांच्याकडून तीन महिन्यांहून अधिक काळ अंथरुणाला खिळलेल्या माणसांची यादी करावी. एखाद्या मध्यम गावात ती नावे बोटांवर मोजण्याइतकी निघतील, पण घरोघर विचारल्याशिवाय ती कळत नाहीत, कारण दीर्घ आजार कुटुंबे झाकून ठेवतात. माध्यमिक शाळेतील शिक्षकांनी मोठ्या मुलांना अशा घरी वर्तमानपत्र वाचून दाखविण्यास, बाजारहाट करून देण्यास पाठवावे. मागे-पुढे उचलता येणारी खाट, हवेची गादी, कमोडची खुर्ची व चाकाची खुर्ची एवढे साहित्य पंचायतीने एकदा घेऊन ठेवले, तर ते एका घरातून दुसऱ्या घरी जात राहते. आज तेच साहित्य प्रत्येक कुटुंब कर्ज काढून विकत घेते आणि चार-सहा महिन्यांनी ते माळ्यावर जाऊन पडते. जिल्हा रुग्णालयात मॉर्फिनच्या गोळ्या मिळतात की नाही, मिळत नसल्यास मान्यतेचा अर्ज कोणाच्या मेजावर अडला आहे, याची चौकशी पंचायत समितीच्या पुढच्या मासिक सभेत करता येईल.