बहिणाबाईंचे स्मरण



आसोद्याच्या महाजनांची लेक व जळगावच्या चौधरींची सून बहिणाबाई (१८८०–१९५१) यांना कवयित्री म्हणून सारेच वंदितात. आम्हांस प्रथम आठवते ती त्यांच्यातील गृहिणी. तेराव्या वर्षी विवाह, तिसाव्या वर्षी वैधव्य. नथूजींच्या मागे ओंकार, सोपानदेव व काशी ही तीन मुले पदरी. त्यांत प्लेगाने ओंकारास कायमचे अपंगत्व आले. अक्षरओळख नसलेल्या या माउलीने शेती-संसार सांभाळला आणि दळताकांडता गाणी रचली. सोपानदेव व मावसभाऊ पितांबर यांनी ती टिपून ठेवली, म्हणूनच १९५२ साली ग्रंथ निघाला. आपल्या आज्यांच्या किती ओव्या अशा वहीवाचून विरल्या! ज्यांच्या घरी अद्याप कोणी वृद्धा ओवी म्हणत असेल, त्यांनी ती उतरवून मंडळाकडे धाडावी, ही विनंती.