बुरुजाची जागा

 

कोजागिरीपासून काकडा सुरू आहे. थंडीत तुम्ही पहाटे उठून येता, कुशीत पेंगुळलेली लेकरं घेऊन येता, बघून फार बरं वाटतं. वसुबारस तीन दिवसांवर आली. शाळांना सुट्टी लागली. काल कीर्तन झाल्यावर एक माउली पाया पडायला आली. म्हणाली, "महाराज, सुट्टी लागली की पोरगं दिवसभर मोबाईलमध्ये. हाक मारली तरी मान वर करत नाही. काही मंत्र द्या, तोडगा द्या." मी म्हटलं, "बाई, मी माळकरी माणूस, तोडगे देत नाही. पण उद्या ये, एक औषध सांगतो." आलीय का ती? आलीय. मग ऐक बाई. औषधाचं नाव आहे चिखल.

हसू नका. आज निरूपणाला हाच विषय घेतलाय. दिवाळीचे हे सहा दिवस लेकरांबरोबर कसे घालवायचे, एवढंच सांगणार आहे. आणि ते सांगायचा अधिकार मला का नाही, तेही सांगणार आहे.

आधी सिद्धांत लक्षात घ्या. मोठ्या माणसाला सण कानानं कळतो, लेकराला हातानं कळतो. इथं माझ्या वयाची मंडळी बसली आहेत. घटकाभर डोळे मिटा आणि लहानपणची दिवाळी आठवा. कुणी केलेला उपदेश आठवतो का? नाही आठवत. आठवतो उटण्याचा वास. पाठीवरून फिरणारा आईचा तेलाचा खरखरीत हात आठवतो. कातण्यानं कापलेली करंजीची नागमोडी कड आठवते. किल्ल्याची माती नखात जाऊन बसायची, ती काळी रेघ आठवते. गोकुळात देवानं काय केलं? सवंगड्यांच्या शिदोऱ्या सोडल्या, सगळ्या एकत्र कालवल्या आणि एकेकाला घास दिला. म्हणून आपल्या सप्त्याची सांगता काल्यानं होते. काला हातानं कालवायचा आणि मांडीला मांडी लावून खायचा. नुसता ऐकून काला पोटात जात नाही.

आता माझी गोष्ट सांगतो. जगाचे दोष व्यासपीठावरून सांगायचे आणि स्वतःचा फेट्याखाली झाकायचा, हे बरं नाही.

या गोष्टीला 33 वर्षं झाली. आळंदीला चार वर्षं शिकून आलो होतो, गळा चांगला होता, तारखांची वही भरलेली असायची. त्या दिवाळीत दोन गावांना सप्ते होते. मुलगा आठ वर्षांचा. त्यानं अंगणात रायगड केला होता. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी दोन तासांसाठी घरी आलो. जीप दारात उभीच होती. पोरगं धावत आलं, कोपरापर्यंत चिखल. म्हणालं, "आप्पा, सगळा किल्ला झाला. हिरकणीचा बुरूज तेवढा तुम्ही करायचा. मी जागा ठेवलीय."

आणि मी काय म्हणालो? "सणासुदीचं चिखलात काय लोळतोस? हात धू, देवापुढं बस आणि हरिपाठ म्हण." माझ्या पांढऱ्या धोतराला त्याचा हात लागेल म्हणून मी दोन पावलं मागं सरकलो. पूजा केली, चार घास खाल्ले, जीपमध्ये बसलो.

भाऊबीज उलटून गेल्यावर परत आलो. किल्ला तसाच होता. हळीव उगवून हिरवागार झाला होता, महाराज सिंहासनावर होते, मावळे जागच्या जागी होते. एका कडेला ओंजळीएवढी जागा मोकळी. पुढच्या वर्षी त्यानं किल्ला केला नाही. मी विचारलं, "का रे?" तर म्हणाला, "सहज."

त्या रात्री मी कोणतं चरित्र लावलं होतं, ठाऊक आहे? गोरोबाकाकांचं! तेरचे गोरोबा चिखल तुडवताहेत, नामात दंग आहेत, आणि रांगत आलेलं लेकरू पायाखाली आलं. मी ते असं सांगितलं की मंडपात रडला नाही असा माणूस राहिला नाही. लोक पाया पडले. पण माउली, गोरोबाकाका नामात बुडाले होते. त्यांना देहाचं भान नव्हतं, म्हणून पांडुरंगाला धावावं लागलं आणि लेकरू परत मिळालं. मी कशात बुडालो होतो? तारखांच्या वहीत. मला धोतराच्या काठाचंसुद्धा भान होतं! माझ्यासाठी देवानं का धावावं?

माझा मुलगा गुणी आहे. एकादशीला फोन करतो, घरी आला की वाकून नमस्कार करतो. तक्रारीचा शब्द नाही. पण "तब्येत बरी आहे ना, औषध घेता ना," यापुढं आमचं बोलणं सरकत नाही. चौथा माणूस घरात आला की दोघांनाही सुटल्यासारखं वाटतं. त्या ओंजळभर जागेत काय काय मावलं असतं, ते मला आता कळतं.

मागच्या दिवाळीला तो सहकुटुंब गावी आला. नातू सात वर्षांचा. त्याला अंगणात किल्ला करायचा होता. मी तारखा घेतल्या नव्हत्या. गुडघे बोलतात आता, देवानंच वही बंद केली. नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही नुसते बसून काय करता? या की." बसलो मातीत. आणि मला येईना! हातात चिखल घेतला की बोटांतून गळून जायचा. मुलगा ओसरीवरून बघत होता. खाली आला, शेजारी उकिडवा बसला आणि म्हणाला, "आप्पा, आधी दगड लावा. दगडाशिवाय माती उभी राहत नाही." एवढंच बोलला. आम्ही तिघांनी मिळून बुरूज केला. सकाळी बघतो तर निम्मा घसरलेला. नातू खदखदून हसला, म्हणाला, "पुन्हा करू." मुलगाही हसला. सगळं भरून आलं असं मी म्हणणार नाही. कीर्तनात खोटं बोलू नये. पण तो हसला, एवढं खरं.

म्हणून बाई, तुला चिखल सांगतो. आता तो कसा करायचा, ते नीट ऐक.

वसुबारसेच्या आधीच माती आणा. आणायला पोराला बरोबर घ्या, कुणाच्या बांधावरची असेल तर त्याला विचारून घ्या. माती चाळायची, खडे बाजूला काढायचे. दगडविटांचा ढीग रचायचा, त्यावर जुनं गोणपाट चिखलात बुडवून अंथरायचं आणि वरून चिखल लिंपायचा. तळाशी विहीर, एक गुहा, वर जायला पायऱ्या. ओल्या मातीवर हळीव किंवा मोहरी पेरा आणि रोज हातानं पाणी शिंपडा; चार-पाच दिवसांत हिरवी लव येते. सकाळी उठल्याबरोबर पोर दात घासायच्या आधी ते बघायला धावतं की नाही बघा! बाजारातून चित्रं आणा. महाराजांना सगळ्यात उंच जागा द्या. अंगण नसेल तर गॅलरीत जुन्या घमेल्यात करा. आणि एक पथ्य पाळा. किल्ला पोराचा आहे. वाकडा झाला तर वाकडा राहू द्या. "सरक, मी करून देतो," असं म्हणालात की किल्ला तुमचा झाला आणि पोर पुन्हा मोबाईलकडं गेलं.

बाकीचे दिवस थोडक्यात सांगतो. रोज एक काम लेकराच्या हाताला द्या.

वसुबारसेला गाय-वासराची पूजा. पोराला गोठ्यात न्या, वासराच्या कपाळाला त्याच्या बोटानं कुंकू लावू द्या. आपल्याकडं बाया त्या दिवशी दूध-तूप खात नाहीत, बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खातात. का, ते सांगा: आज वासराचा वाटा वासराला.

धनत्रयोदशीला पणत्या. नव्या पणत्या आधी पाण्यात भिजत घालायच्या, म्हणजे त्या तेल पीत नाहीत. हे काम लहानातल्या लहान पोराचं. पणती पाण्यात टाकली की बुडबुडे येतात, तो खेळच आहे. वाती आजीनं वळायला शिकवायच्या. यमदीपदानाचा दिवा दक्षिणेकडं तोंड करून ठेवतात. दक्षिण कुठं, ते पोरालाच शोधू द्या.

नरकचतुर्दशीला पहाटेचं अभ्यंगस्नान. त्या दिवशी बापानं पोराला उटणं लावायचं आणि पोरानं बापाच्या पाठीला लावायचं. पायाखाली कारीट फोडताना नरकासुराची गोष्ट सांगा: देवानं बंदिवासातल्या सोळा सहस्र स्त्रिया सोडवल्या, त्याचा हा आनंद.

लक्ष्मीपूजनाला लाह्या-बत्तासे असतात आणि नवी केरसुणी असते. केरसुणीला हळदकुंकू लेकराच्या हातानं वाहा. त्याला सांगा, घर झाडणारा हातसुद्धा लक्ष्मीचाच आहे. मग ते पोर घर झाडणाऱ्या बाईला कधी उलटून बोलणार नाही.

पाडव्याला बळीराजाची आठवण. आपल्या भागात साखर कारखाने सुरू व्हायच्या सुमाराला ऊसतोडणीची माणसं गावाबाहेर कोप्या घालून राहतात. त्यांचीही लेकरं आहेत. फराळाचं एक ताट पोराच्या हातात द्या, तुम्ही बरोबर चाला, पण द्यायचं त्यानं. परत येताना एक शब्द बोलू नका. बघा काय होतं. वाटेत तेच तुम्हाला विचारील, "त्यांचा किल्ला कुठंय?" त्याचं उत्तर तुमच्याकडं नसेल. माझ्याकडंही नाही. पण प्रश्न त्याच्या मनात उतरला, हे पुष्कळ झालं.

भाऊबीजेला यम बहिणीच्या, यमुनेच्या घरी जेवायला गेला, ही कथा आहे. जगाला न्यायला येणारा यमसुद्धा बहिणीसाठी वेळ काढतो! ओवाळून झाल्यावर त्या दिवशीची ताटं भावानं उचलायची, एवढा नेम ठेवा.

आता शेवटचा दृष्टांत. रायगडाखालची हिरकणी गवळण तुम्हाला माहीत आहे. दूध घेऊन गडावर आली, कोजागिरीचा दिवस होता असं सांगतात. सूर्य मावळला, दरवाजे बंद झाले. पहारेकऱ्यांच्या हातापाया पडली, पण हुकूम म्हणजे हुकूम. खाली घरात तान्हं बाळ एकटं. ती माउली अंधारात कडा उतरून गेली. अंगाला काटे लागले, खरचटलं, पण बाळापाशी पोचली. महाराजांनी तिचा सन्मान केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधला, अशी आख्यायिका आहे.

हिरकणीसमोर बंद दरवाजा होता आणि खाली उभा कडा होता. तुमच्या-माझ्यासमोर काय आहे? ओसरीपासून अंगणापर्यंत तीन पायऱ्या. तेवढ्या उतरायला मला 33 वर्षं लागली. तुम्ही आज उतरा.

बाई, तू विचारलंस ना, पोरगं हाक मारली तरी मान वर करत नाही म्हणून? आज घरी जा आणि हाक मारू नकोस. अंगणात जाऊन बस आणि चिखल कालवायला घे. तुझा मोबाईल घरात ठेव हं, तो आधी! पोरगं पहिल्या दिवशी नाही आलं तर दुसऱ्या दिवशी येईल. आलं की त्याला सांग, "बुरूज तू करायचा, मी जागा ठेवलीय."

पाडव्यापासून दहा दिवसांनी कार्तिकी एकादशी. पंढरीला मी वाळवंटात असेन. तुम्ही याल तेव्हा लेकराला बरोबर आणा. मला नारळ नको, पाकीट नको. त्या लेकराचे हात मला दाखवा. नखात थोडी माती राहिलेली असली, की माझी बिदागी पोचली.

बोला, पुंडलिक वरदे हारी विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!