मुलगी कॉपी करताना सापडली, म्हणून तिची शाळा बंद?

(मारेगाव येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, म्हणून मला ‘करिअर’वर बोलायला सांगितलं होतं. पण मी आयोजकांकडून विषय बदलून घेतला. त्याला कारण दिवाळीच्या सुट्टीआधी आलेला एक फोन.

फोन आमच्या नात्यातल्या भाईजानचा होता. त्यांची मुलगी नववीत आहे. प्रथम सत्र परीक्षेत गणिताच्या पेपरला तिच्या कंपासपेटीत चिठ्ठी सापडली. भाईजान दोन गोष्टी म्हणाले. पहिली, “तू शिकलेला आहेस, मुख्याध्यापकांशी बोल आणि प्रकरण मिटव.” दुसरी, “आता बस झाली तिची शाळा. आणखी बेइज्जती नको.”

तिचा मोठा भाऊ दोन वर्षांपूर्वी असाच सापडला होता. त्याला दोन थपडा बसल्या, आठवडाभर मोबाइल काढून घेतला, आणि विषय संपला. चूक एकच होती. मुलाला थप्पड मिळाली आणि मुलीला घरी बसवायचं ठरलं. मी भाईजानना विचारलं, “चिठ्ठीत काय लिहिलं होतं?” त्यांना माहीत नव्हतं. कोणीच विचारलं नव्हतं.

आता माझी गोष्ट सांगतो. सातवीत घटक चाचणीत मला वीसपैकी चार मार्क पडले. मी चारच्या आधी एक काढला आणि चौदा केले. अब्बांचं किराणा दुकान होतं. खाडाखोड ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. त्यांनी हात उचलला नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उशिरा उघडलं आणि मला घेऊन शाळेत आले. सरांसमोर मला म्हणाले, “तू सांग.” मी सांगितलं. तेव्हा जमीन फाटेल तर बरं असं वाटत होतं. वाटेत ते एवढंच बोलले, “दुकानातली वजनं सरकारी शिक्का मारलेली असतात. पण शिक्का मारणारा वर्षातून एकदा येतो. बाकी दिवस आपणच असतो.”

हा किस्सा मी अनेकदा अभिमानाने सांगितला आहे. आज त्याचा दुसरा भागही सांगतो. मला चार मार्क का पडले, हे अब्बांनी कधी विचारलं नाही. मला अपूर्णांक समजत नव्हते. ते नंतरही बरेच दिवस समजले नाहीत. मी मार्क बदलायचं सोडलं, पण न समजलेलं लपवायचं सोडलं नाही. इंजिनिअरिंगला गेल्यावर प्रॅक्टिकलच्या फाइली मित्रांच्या बघून उतरवल्या. सगळेच उतरवतात, असं स्वतःला सांगितलं. नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षी ते सगळं रात्री जागून नव्याने शिकावं लागलं. अब्बांनी खोटेपणावर बरोबर औषध दिलं, पण खोटं ज्यामुळे बोललो ते दुखणं तसंच राहिलं.

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ती हदीस लहानपणी ऐकली आहे. पैगंबर बाजारात धान्याच्या ढिगात हात घालतात. वरचं धान्य कोरडं असतं, आत बोटांना ओल लागते. विक्रेता म्हणतो, पाऊस लागला. त्यावर त्यांचा सवाल असा, की मग ओलं धान्य वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं. पुढे फसवणुकीबद्दलची ताकीद आहे, ती आपल्याला पाठ असते. मधला सवाल आपण विसरतो. धान्य ओलं झालं हा गुन्हा नव्हता. ते खाली लपवलं, ही फसवणूक होती.

मारेगावात हे समजावून सांगायची गरज नाही. कापूस विकायला नेला की सीसीआयच्या केंद्रावर ओलावा मोजतात. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे भाव कमी, आणि बारा टक्क्यांच्या वर गेला तर कापूस परत. ओला कापूस उन्हात पसरला की वाळतो. दाबून ठेवला की पिवळा पडतो. मुलाला गणित येत नाही, हा ओला कापूस आहे. तो पसरायला घरात जागा आहे का?

बहुतेक घरांत नाही. आपण विचारतो, “किती पडले?” “काय अडलं?” हे विचारत नाही. चाळीस पडले तर शेजारच्याच्या मुलाचं नाव निघतं. मग मूल कापूस दाबून ठेवायला शिकतं.

आणि आपण मोठी माणसं काय करतो? २०२४ साली बारावीच्या परीक्षेत अकोला जिल्ह्यातल्या पातूरला एक तरुण पोलिसाचा गणवेश घालून केंद्रावर पोहोचला. बहिणीला कॉपी पुरवायची होती. पकडला गेला. आपण हसतो, पण दरवर्षी केंद्राच्या भिंतीवर चढणारे कोण असतात? भाऊ, काका, कधी वडीलच. ३ मार्च २०२३ला बुलडाण्याच्या सिंदखेडराजात बारावीच्या गणिताच्या पेपरची पानं मोबाइलवर फिरली, त्या प्रकरणात शिक्षकांना अटक झाली. शिक्षक होण्यासाठीच्या टीईटीत पैसे देऊन पास झालेल्या ७,८०० हून अधिक उमेदवारांवर २०२२मध्ये परीक्षा परिषदेने कारवाई केली. राज्यात कॉपीविरोधी कायदा १९८२पासून आहे. कायदा केंद्रावर पहारा देऊ शकतो, स्वयंपाकघरात बसून मुलाला “काय अडलं?” विचारू शकत नाही. ते आपलं काम आहे.

मग करायचं काय? मी भाईजानना जे सांगितलं, तेच इथे सांगतो.

पहिलं, त्या दिवशी शिक्षा ठरवू नका. रागात ठरवलेली शिक्षा मुलाच्या चुकीपेक्षा आपल्या इज्जतीच्या मापाची असते. रात्र जाऊ द्या.

दुसरं, चिठ्ठी वाचा. त्यात काय लिहिलं आहे, त्यावरून मूल कुठे अडलं ते कळतं. माझ्या कामात सर्व्हर बंद पडला की आधी ‘कोणी केलं’ विचारत नाहीत, ‘कसं झालं’ ते लिहून काढतात. कारण दोष देत सुटलं की पुढच्या वेळी लोक बिघाड लपवतात.

तिसरं, परिणामापासून वाचवू नका. शाळा शून्य देणार असेल तर घेऊ द्या. मुख्याध्यापकांना भेटा, पण प्रकरण मिटवायला नको. मुलाला सोबत न्या, त्याला स्वतः बोलू द्या, आणि विचारा की हा विषय भरून काढायला शाळा काय मदत करेल. नववीतलं शून्य स्वस्त आहे. दहावी-बारावीला बोर्ड त्या परीक्षेतली संपादणूक रद्द करू शकतं.

चौथं, नापास होण्याची भीती खरी आहे तेवढीच ठेवा. दहावीत एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीत प्रवेश मिळतो. पुरवणी परीक्षा असते. ही माहिती किती घरांत आहे?

पाचवं, मोबाइल. आता गृहपाठ चॅटजीपीटी करून देतं. मीही कामात ते वापरतो, म्हणून बंदी घाला असं सांगणार नाही. एकच नियम ठेवा. जे वहीत लिहिलं, ते न बघता तोंडी समजावून सांगायचं. तुम्हाला विषय येत नसला तरी चालेल. अडखळणं कोणत्याही आईला ओळखू येतं.

आणि सहावं, ज्यासाठी मी आज आलो. कॉपीची शिक्षा शाळा बंद, ही शिक्षा होऊ शकत नाही. ज्याला पोहता येत नाही त्याला पोहायला शिकवायचं असतं. आणि मुलींच्या बाबतीत स्वतःला खरं विचारा. शाळा कॉपीमुळे थांबवतो आहोत, की थांबवायला कारण शोधतच होतो? तेरा-चौदाव्या वर्षाची एक चिठ्ठी आणि त्यावर अख्खं आयुष्य. तिचा भाऊ त्याच चुकीनंतर आज कॉलेजात आहे. या दोन मापांना अब्बांच्या दुकानात शिक्का मिळाला नसता.

ती चिठ्ठी शेवटी भाईजाननी मला फोटो काढून पाठवली. त्यात अपूर्णांकांच्या बेरजेची रीत होती. पाचवीतली. नववीपर्यंत ती मुलगी ते लपवत आली होती. मी तो फोटो बराच वेळ बघत बसलो, कारण मीही तिथेच अडलो होतो.

तिला त्या पेपरात शून्य मिळालं. तिने वर्गशिक्षिकेला जाऊन स्वतः सांगितलं. आता रविवारी तासभर ती मला व्हिडिओ कॉल करते, आम्ही पाचवीच्या पुस्तकापासून सुरुवात केली आहे. तिचा भाऊही शेजारी येऊन बसतो. ती गणितात पास होईल की नाही, मी आज सांगू शकत नाही. पण मागच्या आठवड्यात तिने फोनवर पहिलंच वाक्य म्हटलं, “चाचू, हे मला अजिबात समजलं नाही.”

भाईजान मागे बसले होते. ते रागावले नाहीत.