कड्यावरची गर्दी काय सांगते?

इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यात, उत्तर समुद्राच्या काठी, बेम्प्टनचे पांढरे कडे आहेत. दगड खडूचा, उंची शंभर मीटरच्या आसपास. विणीच्या हंगामात सुमारे 5 लाख समुद्रपक्षी तिथे जमतात. सकाळी कड्यावरच्या कठड्याशी उभे राहून आणि दुपारी ब्रिडलिंग्टन बंदरातून बोटीने जाऊन ते एकाच दिवसात दोन्हीकडून पाहता येतात. वरून ही गर्दी पाहिली की पक्ष्यांचे छान चालले आहे, असे कुणालाही वाटेल. तो निष्कर्ष घाईचा आहे, असे मला आज मांडायचे आहे.

यातला गिलेमॉट घ्या. तो घरटे बांधतच नाही. अरुंद, उघड्या कपारीवर मादी एका टोकाला निमुळते असे एकच अंडे घालते आणि दोघे आळीपाळीने ते उबवतात. पिल्लू जेमतेम तीन आठवड्यांचे होते, पंखांत उडण्याची ताकदही आलेली नसते, तेव्हाच ते कड्यावरून खाली झेप घेते. मग बाप त्याला घेऊन खोल समुद्राकडे पोहत निघतो आणि पुढचे कित्येक आठवडे भरवतो. म्हणजे जोडीला वर्षाकाठी फार तर एक पिल्लू. आयुष्य मात्र वीस वर्षांहूनही जास्त. लागोपाठ चार-पाच हंगाम पिल्ले उपाशी मेली, तरी म्हातारे पक्षी त्याच कपारीवर परत येत राहतात आणि कडा भरलेलाच दिसतो. तो रिकामा दिसू लागेपर्यंत एक अख्खी पिढी हातची गेलेली असते.

यावर, कड्यावर संरक्षण दिले की पक्षी वाचतात, असा इतिहासाचा दाखला दिला जातो. एकोणिसाव्या शतकात लोक बोटींतून येऊन मौजेखातर हे पक्षी टिपत, किटिवेक या लहान कुरवाचे पंख बायकांच्या टोप्यांवर लागत. आल्फ्रेड न्यूटन या प्राणिशास्त्रज्ञाने 1868 साली याविरुद्ध आवाज उठवला आणि 1869 मध्ये समुद्रपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा झाला. अंड्यांना त्यात संरक्षण नव्हते. दोरांवरून उतरून अंडी काढणे 1954 च्या कायद्यापर्यंत चालूच राहिले. तरी कायद्याने पक्षी वाचले, हे मान्यच करायला हवे. पण तेव्हा मरण बंदुकीतून येत होते आणि बंदूक कड्यापाशी अडवता येत होती. आज भूक समुद्रातून येते. किटिवेक खोल बुडी मारू शकत नाही, पृष्ठभागालगतचे मासे टिपतो. त्याची पिल्ले बव्हंशी सँडईल या लहान, चरबीयुक्त माशावर वाढतात. तोच मासा मत्स्यचूर्णासाठी आणि तेलासाठी बेसुमार पकडला गेला, त्यात पाणीही तापत चालले. किटिवेक आज ब्रिटनच्या लाल यादीत आहे. कड्यावर कितीही पहारा बसवला तरी ही उपासमार टळणार नाही. इंग्लंडच्या हद्दीतल्या उत्तर समुद्रात सँडईलची मासेमारी 2024 मध्ये बंद झाली, हे पाऊल म्हणूनच मला 1869 च्या कायद्याइतके मोलाचे वाटते.

गॅनेट तर वाढलेच ना, असे कुणी विचारील. वाढले. बोटीतून पाहिले की कारण लक्षात येते: हा मोठा पक्षी तीस मीटर उंचीवरून पंख मिटून पाण्यात सूर मारतो, दूरवर जातो, मोठे मासेही गिळतो. त्याची भरभराट किटिवेकच्या वतीने साक्ष देऊ शकत नाही. बोटींनी पक्षी बिथरतात, हा आक्षेप मात्र रास्त आहे. म्हणून अंतर राखणे आणि वेग कमी ठेवणे यांत सूट नको. पण बोटी बंदच करा, हे मला पटत नाही. ज्याने पक्ष्यांचा पाण्यावरचा भक्ष्याचा शोध पाहिलाच नाही, तो मासळीच्या धोरणाबद्दल बोलणार तरी कसा?

आपल्या कोकणात नेमकी उलट बाजू दिसते. हिवाळ्यात किनाऱ्यावर उतरणारा तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकाठी वीण करतो; आपल्या वाट्याला त्याचे खाणे येते, घरटे नाही. म्हणून पुढच्या हिवाळ्यात थवा मोजाल, तेव्हा शेपटीच्या टोकाला काळा पट्टा असलेले पक्षी वेगळे मोजा. ती त्या वर्षीची पिल्ले असतात. त्यांचा आकडा तारखेसह वहीत लिहा आणि दरवर्षी लिहीत राहा.