ब्रेनट्रीचा शेतकरी वकील

(वाचनालयाच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



भल्या पहाटे शेतावर फेरी मारून यायचे, पायांची माती धुवायची आणि अकराच्या सुमारास काळा कोट चढवून कोर्टाची पायरी चढायची, असा वकील आपल्या भागाला नवा नाही. पक्षकार त्याच्याकडे जातो तो केवळ त्याच्या कपाटातील ग्रंथ पाहून नव्हे. बांधाचा तंटा म्हणजे काय, हे त्या वकिलाला बांधावर उभे राहून कळलेले असते, म्हणून जातो. अशाच एका शेतकरी वकिलाचे स्मरण आज करावयाचे आहे. तो अमेरिकेचा, नाव जॉन ॲडम्स. अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष म्हणून जग त्याला ओळखते. परंतु मला त्याच्या पदापेक्षा त्याच्या शेताविषयी, वकिलीविषयी आणि संसाराविषयी अधिक बोलावयाचे आहे. कारण माणसाची पारख तेथेच होते.

बोस्टनजवळच्या ब्रेनट्री गावी ३० ऑक्टोबर १७३५ रोजी त्याचा जन्म झाला. बाप शेती करी आणि जोडीला जोडे शिवी. मुलाने शिकावे ही बापाची इच्छा, तर मुलाला शाळेचा तिटकारा. मला शेतकरीच व्हायचे आहे, असे पोराने सांगताच बाप त्याला दलदलीत छपराचे गवत कापायला घेऊन गेला. दिवसभर चिखलात राबवून संध्याकाळी विचारले, आता शेती आवडते का? पोर म्हणाले, आवडते. बाप म्हणाला, मला नाही आवडत. उद्यापासून शाळेत जा! पुढे कळले की, मुलाचे वैर विद्येशी नव्हते, शिकवणाऱ्याशी होते. मास्तर बदलला आणि मुलगा अभ्यासाला लागला. बापाने काही जमीन विकून त्याला हार्वर्ड महाविद्यालयात शिकवले. शेतकऱ्याने जमीन विकणे म्हणजे काय, हे या सभेला मी सांगायला नको.

१७५८ साली ॲडम्स बोस्टनच्या कोर्टात वकील झाला. १७६१ साली बाप वारला आणि घर व सुमारे चाळीस एकर जमीन त्याच्याकडे आली. १७६४ मध्ये एका धर्मोपदेशकाच्या कन्येशी, ॲबिगेल स्मिथशी, त्याचा विवाह झाला. घोड्यावर बसून गावोगावच्या कोर्टांची फेरी करणारा हा वकील घरी परतला की दगडी कुंपणे दुरुस्त करी, पाणथळ जागा निचरा करून लागवडीखाली आणी. खताचा तर त्याला विलक्षण सोस! पुढे इंग्लंडमध्ये आपल्या देशाचा वकील म्हणून राहात असताना, १७८६ साली, लंडनबाहेर फिरताना त्याने एक खताचा ढीग बारकाईने पाहिला आणि घरच्या खताची सर याला नाही, असा शेरा दैनंदिनीत लिहून ठेवला. राजदरबारात वावरूनही ज्याला घरचा उकिरडा विसरता येत नाही, तोच जातीचा शेतकरी!

आता त्याच्या वकिलीची कसोटी पाहा. ५ मार्च १७७० च्या रात्री बोस्टनमध्ये इंग्रज शिपायांनी जमावावर गोळ्या झाडल्या. पाच माणसे मेली. सारे शहर खवळले. आरोपी कप्तान आणि त्याचे आठ शिपाई यांचे वकीलपत्र घ्यायला कोण धजणार? ॲडम्स स्वतः इंग्रजांच्या अन्यायी करांविरुद्ध लिहिणारा, फौजा शहरात नकोत असे म्हणणारा. तरीही त्याने ते वकीलपत्र घेतले. फी मिळाली सारी मिळून अठरा गिनी. आणि घरची अवस्था काय होती? तेरा महिन्यांची मुलगी सुझाना जाऊन जेमतेम महिना झाला होता. ॲबिगेल गरोदर होती. मे महिन्यात तिला मुलगा झाला. अशा घरातून तो माणूस लोकक्षोभ अंगावर घेण्यासाठी बाहेर पडला. कप्तान सुटला, सहा शिपाई सुटले. दोघांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा शाबीत झाला, पण फाशी टळून अंगठ्यावर डाग देण्यावर निभावले. आपल्या इच्छेप्रमाणे पुरावा वाकत नाही, हेच त्याचे ज्यूरीपुढचे सांगणे होते. शेतकऱ्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. पाऊस पडला नसता तो पडला असे म्हणून पीक येत नसते. आणि बोस्टनकरांचीही थोरवी पाहा. खटला उभा राहण्याआधीच, त्याने कोणाचे वकीलपत्र घेतले आहे हे ठाऊक असताना, त्याच वर्षी जूनमध्ये त्यांनी त्याला आपला प्रतिनिधी म्हणून निवडून दिले.

परंतु बंधुभगिनींनो, ही कहाणी येथेच संपविली तर ती अर्धी राहील. १७७४ पासून पुढची दहा वर्षे ॲडम्स बहुतेक घराबाहेर होता. प्रथम फिलाडेल्फियाच्या काँग्रेसमध्ये, नंतर युरोपात. मग शेत कोणी पाहिले? ॲबिगेलने. गडीमाणसे मिळत नव्हती, महागाई भडकली होती, कर भरावयाचे होते. १७७५ च्या साथीत तिची आई गेली. १७७७ मध्ये तिला मृत मुलगी झाली, तेव्हाही पती दूर होता. पती युरोपातून पाठवी तो किरकोळ माल विकून तिने घर चालविले. त्याचा ओढा सदैव जमिनीकडे; पण सरकारी रोख्यांत पैसा अधिक वाढतो, हे तिने ओळखले आणि बऱ्याच अंशी आपलेच खरे केले. पती-पत्नींची अकराशेंहून अधिक पत्रे आज बोस्टनमध्ये जतन केलेली आहेत. त्या पत्रांत राज्यक्रांती आहे आणि गोठाही आहे.

३१ मार्च १७७६ च्या पत्रात तिने पतीला बजावले की, नवे कायदे करताना स्त्रियांना विसरू नका, नवऱ्यांच्या हाती अमर्याद सत्ता देऊ नका. शत्रूच्या शिपायांनाही न्याय मिळवून देणाऱ्या या वकिलाने पत्नीची ती मागणी हसण्यावारी नेली! विवाहित स्त्रीला स्वतःची मालमत्ता नाही, असाच तेव्हाचा कायदा होता.

त्याचे आणखी दोन दोष झाकून ठेवणे मला प्रशस्त वाटत नाही. राष्ट्राध्यक्ष असताना १७९८ साली त्याने राजद्रोहाच्या कायद्यावर सही केली आणि त्या कायद्याखाली संपादक तुरुंगात गेले. १७७० चा वकील १७९८ साली कोठे गेला होता, हा प्रश्न माझ्यासारख्या संपादकाने विचारलाच पाहिजे. दुसरा दोष घरातला. ज्याच्या जन्माचा मघाशी उल्लेख केला, तो मुलगा चार्ल्स दारूच्या आहारी गेला. बापाने त्याचे नाव टाकले आणि १८०० साली तो मुलगा वारला. परक्यांची बाजू ऐकून घेणाऱ्यालाही पोटच्या पोराची बाजू ऐकणे जमले नाही.

१८०१ मध्ये निवडणूक हरून तो शेतावर परतला आणि अखेरची पंचवीस वर्षे तेथेच राहिला. १८१६ साली ॲबिगेलने मृत्युपत्र केले. कायद्याच्या दृष्टीने त्याला काडीची किंमत नव्हती. तरी तिने आपली म्हणून मानलेली चीजवस्तू आणि पैसा बहुतांशी नात्यातल्या स्त्रियांना वाटून दिला. १८१८ साली, चोपन्न वर्षांच्या संसारानंतर, ती गेली. त्या म्हाताऱ्या वकिलाने कायद्याचे कलम पुढे केले काय? नाही. तिच्या इच्छेप्रमाणे सारे पार पडू दिले. चाळीस वर्षांपूर्वी हसण्यावारी नेलेल्या मागणीला त्याने दिलेले हे उत्तर होते.

१८२२ मध्ये त्याने शाळा आणि प्रार्थनामंदिर यांसाठी गावाला जमीन दिली, आपला ग्रंथसंग्रहही दिला. ४ जुलै १८२६ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, नव्वदाव्या वर्षी त्याने देह ठेवला.

बापाने जमीन विकून एका मुलाला शिकविले. त्या मुलाने जमीन देऊन गावच्या मुलांची सोय केली. आणि या दोन्हींच्या मध्ये ती जमीन जिने राखली, तिचे नाव आपण त्याच्या नावाआधी घ्यावे, असे मला वाटते. आपापल्या घरी परतल्यावर आपणही पाहा: आपल्या बाहेरच्या कर्तृत्वाचा जोंधळा घरी कोण पिकवीत आहे?