आधी जागा, मग सोहळा

ग्रामस्थहो, रसिकहो आणि पहिली पाळी सुटल्यावर घरी न जाता थेट मांडवात आलेल्या माझ्या कामगार मित्रांनो,

संमेलनाच्या अध्यक्षाने चार गोड शब्द बोलून सगळ्यांचे आभार मानावेत, असा संकेत आहे. आज मला तो पाळता येणार नाही. सकाळच्या परिसंवादात मुंबईच्या गिरणगावाचं उदाहरण फार कौतुकाने दिलं गेलं. बंद गिरण्यांत कलादालनं आली, भिंती रंगल्या, मेलेली वस्ती कलेने जिवंत केली, असं वक्त्यांनी सांगितलं आणि टाळ्या पडल्या. मला हे साफ नामंजूर आहे. ती वस्ती कलेविना कधीच नव्हती.

लालबाग-परळच्या एकेका खोलीत दहा-पंधरा जण राहायचे. रातपाळीचा माणूस परतला की पहिल्या पाळीवर गेलेल्याच्या वळकटीच्या जागी आपली वळकटी पसरायचा. अंग टाकायला पुरती हातभर जागा नसलेल्या या माणसांनी कोकणातून नमन आणलं, बाल्या नाच आणला, घाटावरून भजनाच्या चाली आणल्या. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड उतरत. अण्णाभाऊ साठे गिरणीत राबले आणि 1944 मध्ये शाहीर अमर शेख आणि शाहीर गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. गिरणगावाच्या फुटपाथवर वाढलेले नारायण सुर्वे 1995 मध्ये परभणीला अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. हे कोणाच्या प्रकल्पातून झालं नाही. पाळी, पगार आणि चाळ या तीन गोष्टी शाबूत होत्या, म्हणून झालं.

मग काय झालं? 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यातले बहुतेक परत आत गेलेच नाहीत. 1991 च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले: एक महापालिकेला मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 मध्ये नियम असा फिरवला की वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची होईल, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही तो टिकला. मैदानं आणि कामगारांची घरं कागदावरच आक्रसली. लोअर परळच्या एका गिरणीत कामगारांच्या करमणुकीच्या नावाखाली परवानगी घेतली गेली आणि प्रत्यक्षात तिथे श्रीमंतांची बोलिंग अ‍ॅली उभी राहिली. 1922 पासून कामगारांचं नाटक ज्या रंगमंचावर घडलं, ते परळचं दामोदर नाट्यगृह 2023 मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं आणि आपल्याच रंगमंचासाठी कलावंतांना आंदोलन करावं लागलं. माणसं हाकलून दिल्यावर त्यांच्या भिंतींवर काढलेल्या चित्रांना मी वस्तीचं नवं जीवन म्हणणार नाही.

हे मी मावळात येऊन का सांगतो आहे? कारण इथे अजून वेळ गेलेली नाही. आपल्या तळेगाव औद्योगिक वसाहतीत 2008 मध्ये जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला. 2020 च्या डिसेंबरात त्याचं उत्पादन थांबलं. हजाराहून जास्त कामगारांनी नोकरीसाठी लढा दिला, कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. पुढे 2024 मध्ये ह्युंदाईने तो कारखाना घेतला. मधली तीन वर्षं त्या माणसांच्या घरात काय शिजलं, हप्ते कसे भरले, पोरांच्या शाळा कशा टिकल्या? त्यावर आपण किती कथा लिहिल्या, किती एकांकिका उभ्या केल्या? हा प्रश्न मी व्यासपीठावरच्या लेखकांना विचारतो आहे. आपल्या गावातला पोरगा लाईनवर नट आवळतो, आणि आपल्या कवितेत अजून मोट चालते आहे. शेजारच्या खोलीत लातूरचा, बुलढाण्याचा, ओडिशाचा मुलगा भाड्याने राहतो. कंत्राट संपलं की सातव्या-आठव्या महिन्यात तो बॅग भरून जातो. त्याचं नाव आपल्याला ठाऊक नसतं. भाडं मात्र आपण न चुकता मोजून घेतो. ग्रामस्थहो, हे तुम्हालाही लागू आहे. जमीन गेली, मोबदला आला, खोल्या बांधल्या. त्या खोल्यांच्या दहा रांगांमध्ये सतरंजी टाकून बसता येईल एवढी एक तरी मोकळी जागा कोणी राखली का?

पैसा नाही, असं मला सांगू नका. कंपनी कायद्यात सामाजिक जबाबदारीचा 2 टक्के निधी आहे, आणि तो कशावर खर्च करता येतो त्या यादीत कला, संस्कृती, सार्वजनिक वाचनालयं स्पष्ट लिहिलेली आहेत. कामगाराच्या पगारातून दर जूनला आणि डिसेंबरला कामगार कल्याण निधीची कपात होते. 1953 च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या कामगार कल्याण मंडळाकडे तो पैसा जातो, त्यातूनच कामगार नाट्यस्पर्धा होतात. म्हणजे रंगमंचाचे पैसे या पोरांनी आधीच भरलेले आहेत. ते मागणं म्हणजे भीक नव्हे.

आणि मावळाला हे नवीन नाही. लोकमान्य टिळकांच्या पाठबळाने अंताजी काळ्यांनी घरोघर एकेक पैसा मागून पैसा फंड उभा केला आणि त्यातून 1908 मध्ये इथून हाकेच्या अंतरावर, तळेगावात, काच कारखाना काढला. लोकांच्या पैशातून इथे कारखाना उभा राहू शकतो, तर कारखान्यांच्या पैशातून लोकांचा रंगमंच का उभा राहू नये? पण मला फीत कापायची इमारत नको. रात्री साडेअकराला दुसरी पाळी सुटल्यावर जिचं कुलूप उघडेल, जिथे तालमीला भाडं लागणार नाही, आणि जिची किल्ली कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडे नसेल, अशी जागा हवी. कारभाराच्या समितीत गावकरी, कायम कामगार आणि कंत्राटी कामगार बरोबरीने बसले पाहिजेत. कंत्राटी पोरगा नसेल, तर ती समिती मला मान्य नाही.

त्यासाठी मी अध्यक्षपदावरून ठराव मांडतो. ग्रामपंचायतीने येत्या ग्रामसभेत अशा जागेची मागणी विषयपत्रिकेवर घ्यावी आणि ती औद्योगिक विकास महामंडळाकडे व कामगार कल्याण मंडळाकडे लेखी पाठवावी. पोच मिळेपर्यंत पाठपुरावा करण्याची जबाबदारी या संमेलनाच्या संयोजन समितीने घ्यावी. सरपंच मांडवात आहेत, कामगार प्रतिनिधीही आहेत. अनुमोदन देणाऱ्यांनी माईकजवळ यावं आणि नाव लिहून द्यावं. ठराव मंजूर झाल्याशिवाय मी समारोप करणार नाही.