गोळ्या दोघांनी घ्यायच्या

(महासंघाच्या मासिक सभेत आरोग्य समितीच्या ताईंनी केलेले भाषण)

मैत्रिणींनो, कर्जफेडीचा विषय झाला. आता दार लोटून घ्या, कारण हे आपल्या आपल्यातलं बोलणं आहे.

अंगावरून जातंय, खाली खाज सुटते, लघवीला आग होते, हे आपण कुणाला सांगतो? मीही नाही सांगितलं. दिवाळीनंतर आम्ही जोडीनं ऊसतोडीला जायचो. फडात ना आडोसा, ना पाणी. त्यानंच होत असेल म्हणून वर्षभर अंगावर काढलं. मग एका डॉक्टरनं गोळ्या दिल्या. बरं वाटलं, महिन्यात परत तेच. असं तीनदा झालं, पैसे गेले, पण मालकांना काही त्रास आहे का, हे त्यानं एकदाही विचारलं नाही.

विचारलं ते ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टरनं. यांना जखम होती, लाजेनं लपवलेली. मी गोळ्या खायची आणि आजार घरातूनच परत यायचा!

सिस्टर म्हणाल्या, दोघांची एचआयव्हीची तपासणीही करू. मी रडायलाच लागले. मी काय तसली बाई आहे का? त्यांनी समजावलं. गरमी, परमा, हर्पिस असे गुप्तरोग असले की नाजूक जागी जखम किंवा सूज असते. एचआयव्हीच्या विषाणूला तिथून आत शिरायला सोपं जातं. शिवाय सुजेच्या जागी ज्या पांढऱ्या पेशी गोळा होतात, त्यांनाच तो धरतो. आजार एकाच वाटेनं येतात, म्हणून तपासणी सोबत करायची.

आता नीट ऐका. पांढरं जाणं म्हणजे दरवेळी गुप्तरोग नव्हे. पाळीच्या मध्यावर थोडं जातंच. दह्यासारखं घट्ट आणि खाज, हे बुरशीनंही होतं. घरी जाऊन भांडण काढू नका. पण वास येतो, पिवळं-हिरवं जातं, ओटीपोटात किंवा संबंधाच्या वेळी दुखतं, फोड-जखम आहे, तर दवाखाना गाठा. गरमीची जखम बहुधा दुखत नाही, आपोआप भरते. रोग मात्र आत राहतो. आणि कित्येक बायांना काहीच जाणवत नाही, म्हणून नवऱ्याला त्रास असेल तरी आपण तपासून घ्यायचं.

सरकारी रुग्णालयात गुप्तरोगाची तपासणी आणि औषध फुकट मिळतं. एचआयव्हीची चाचणी आयसीटीसीत होते. 2017 च्या कायद्यानं तुमच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, निकालही गुप्त ठेवावा लागतो. एचआयव्ही निघालाच तरी रोजच्या गोळ्या मोफत आहेत, त्या नियमित घेऊन माणसं संसार करतात. गरोदर बाईनं तर दोन्ही तपासण्या कराव्यातच, बाळ वाचतं. उपचार पुरे होईस्तोवर संबंध नको, नाहीतर निरोध. हे पुरुषाला पटवणं अवघड आहे, मला ठाऊक आहे. आमच्याकडं दोन दिवस अबोला होता.

आमचे निकाल चांगले आले. तरी तीन महिन्यांनी परत बोलावलं, कारण नवी लागण लगेच दिसत नाही.

फोनवर विचारायचं असेल तर 1097, फुकट आहे. आणि बुधवारी मी तालुक्याला जातेय. यायचं असेल त्यांनी वहीत नाव लिहू नका, नुसतं एसटी स्टँडवर या.